बांगडा एका गाण्याचा

मी हे लिहावं की नाही, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांचा सगळा जीव गाण्यांत होता, आणि मला त्यांतल्या एकाही गाण्याचं नाव सांगता येत नाही. गाणी इंग्रजी होती. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं, पण त्यांचं त्यावाचून अडत नव्हतं, माझं अडतं. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, तेव्हा माणसावर कसं लिहितात हे विचारायला घरी कुणी नाही. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, जसं आठवतं तसं लिही, अंकात घेऊ. म्हणून लिहिते आहे. ज्यांना संगीत कळतं त्यांनी माझ्या चुकांकडे दुर्लक्ष करावं.

मासा भाजण्याविषयी मात्र माझं काही चुकणार नाही.

आम्ही विक्रमगडच्या वरच्या अंगाचे. पावसाळ्यात घरचं भात आणि थोडी नाचणी. दिवाळी झाली की गावात काम उरत नाही, मग आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ खाली उतरायचो. कामासाठी बाहेर जाण्याला आमच्याकडे 'उतरणं' म्हणतात. पहिल्यांदा वीटभट्टीवर उतरलो. नंतर बाबांना समुद्राकाठच्या घिवलीत एका वाडीवर काम मिळालं. नारळीला आणि चिकूला पाणी लावायचं, कुंपण बघायचं, झावळ्या गोळा करायच्या. वाडीच्या कडेला मालकांनी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यांतली एक आम्हाला मिळाली. शेजारच्या खोलीत उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब भाड्याने राहायचं. त्यांचा मोठा मुलगा गुड्डू माझ्याहून थोडा मोठा, आणि त्याचे वडील बोईसरला कारखान्यात. या वाडीचे मालक म्हणजेच मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते.

बाबा पहिल्या दिवशी त्यांना शेठ म्हणाले. ते झाडाला हात टेकून उभे होते, ते सरळ झाले. म्हणाले, "शेठ मुंबयला असतात. मी ऑपरेटर हाय." बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं, शेठ." हे पुढे कितीतरी वर्षं चाललं. बाबांना दुसरा शब्द सापडला नाही आणि मालकांनी चिडणं सोडलं नाही. आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकी.

काका बोईसरच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर चालवत. आम्ही आलो तेव्हा ते नुकतेच निवृत्त झालेले होते, पण कारखान्याचा निळा शर्ट त्यांनी सोडला नव्हता. खाली खाकी अर्धी चड्डी, आणि शर्टाच्या खिशात लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. तो स्क्रू खोलायला क्वचितच बाहेर यायचा. तो ऐकायचा होता. त्याचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, की मशीनच्या पोटात काय चाललं आहे ते कळतं, असं ते सांगायचे. कारखान्यात बेरिंग असंच ऐकतात म्हणे. काकांनी ती सवय घरी आणली होती. पाण्याच्या पंपाला स्क्रू-ड्रायव्हर लावून ते ऐकायचे हे समजण्यासारखं होतं. पण ते नारळाच्या बुंध्यालाही लावायचे. एकदा माझ्या भावाला ताप आला तेव्हा त्यांनी त्याच्या छातीला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले की इंजिन बरं हाय, सर्दी हाय. आईने तरीही त्याला दवाखान्यात नेलं. सर्दीच निघाली.

काकांच्या घरामागे मोकळी जागा होती. तिथे रविवारी दुपार कलली की ते चूल पेटवायचे. चूल म्हणजे उभं चिरलेलं लोखंडी पिंप, चार विटांवर ठेवलेलं, वर जाळी. आत करवंट्यांचे निखारे. तिला ते 'सायबाची चूल' म्हणायचे. जवळचं वीजकेंद्र बांधलं जात होतं त्या काळात परदेशी लोक इथे बायकापोरांसह राहायला होते, ते बंगल्यामागे अशी चूल पेटवून मांस भाजायचे आणि गाणी लावून पोरांना नाचवायचे. गाण्याच्या तबकड्यांची पेटीही त्यांच्याकडूनच आली होती. ती कशी आली याच्या काकांकडे तीन हकिकती होत्या. एका हकिकतीत साहेबाच्या बायकोने जाताना ती काकांच्या आईला दिली, कारण आई त्यांच्याकडे भांडी घासायची. दुसरीत काकांनी ती टोपलीभर पापलेटांच्या बदल्यात घेतली. तिसरीत ती बोईसरच्या भंगारात वजनावर मिळाली. मी काकींना विचारलं की खरी कोणती. त्या म्हणाल्या, "पेटी माझ्या लग्नाआधी आली. माझ्याआधी या घरात जे आलं त्याची चौकशी मी करत नाय."

काकींना ती गाणी आवडत नव्हती. कुणीतरी कुणाची तरी मान दाबतंय असं त्यांचं मत होतं. पण रविवारी सकाळी शेजारच्या दांडी गावची मासळीवाली आली की त्या स्वतः बांगडे निवडून घ्यायच्या, हळद-मीठ-मिरची लावून ठेवायच्या, आणि गाणी सुरू झाली की पदर डोक्यावर घेऊन पायरीवर बसायच्या. आत जाऊन दार लावता आलं असतं. कधी लावलं नाही.

त्या चुलीचा एक नियम होता, तो मी पुढे कुठेच पाहिला नाही. काका घड्याळ बघत नसत. मासा गाण्यावर भाजायचा. सुका बोंबील अर्ध्या गाण्याचा. हीराला, म्हणजे झावळीच्या काडीला, टोचलेली कोळंबी एका कडव्याची. रताळं निखाऱ्यात पुरायचं ते तबकडीची एक बाजू संपेपर्यंत. आणि बांगडा एका गाण्याचा. पण गाण्याच्या मध्यावर गाणारा गप्प होतो आणि गिटारीची बारीक तार एकटीच वाजायला लागते, तिथे तो पलटायचा. "तार रडायला लागली की पलट," एवढंच त्यांचं सांगणं. मी आज होस्टेलच्या मेसमध्ये पोळीही मनातल्या मनात गाणं म्हणून भाजते, आणि माझी पोळी करपत नाही.

तबकडीला मासळीचे हात लागलेले त्यांना चालत नसत. त्यामुळे तबकडी बदलायचं काम कायम गुड्डूकडे. गुड्डूच्या घरी मासा चालत नव्हता. जाळीच्या एका कोपऱ्यात त्याच्यासाठी आणि त्याच्या धाकट्या भावासाठी मक्याची कणसं आणि रताळी वेगळी असायची. काका त्याला 'कोरड्या हाताचा इंजिनेर' म्हणायचे. वाडीतल्या इतक्या पोरांत तबकडी फक्त आपणच हातात धरतो याचा गुड्डूला फार अभिमान होता. तो ती दोन तळव्यांच्या मध्ये, कडेने, अशी धरायचा की बघणाराही श्वास रोखायचा.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाटे.

दांडीच्या किनाऱ्यावर लहान होडीची मासळी वाटून घेतात तेव्हा वाळूवर ढीग मांडतात. एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा माणूस न बघता नाव घेतो. मग कुणाला तक्रार करता येत नाही. काका गाणी तशी वाटायचे. जमिनीवर वस्तू मांडलेल्या असायच्या. करवंटी म्हणजे ढोल. काथ्याचा जाड दोर म्हणजे जाड तार. जाळ्याचा दोरा म्हणजे बारीक तार. चिकूचं पान म्हणजे गाणाऱ्याचा गळा. सोड्याच्या बाटलीचं बूच म्हणजे झांज. आमच्यातलं एक पोर पाठ करून उभं राहायचं, आणि त्याच्या तोंडून ज्याचं नाव येईल त्याचा तो वाटा. मग गाणं संपेपर्यंत आपण फक्त आपल्या वाट्याचंच ऐकायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. गाणं संपलं की काका एकेकाला विचारायचे. ढोल कुठे थांबला? जाड तार कुणाच्या मागे मागे चालली होती? गळा खरा रडत होता की सोंग करत होता? सांगितलं की मग खायचं.

पहिल्या रविवारी मला ते गाणं म्हणजे नुसता गोंगाट वाटला होता. पत्र्यावर दगड पडावेत तसा. माझ्या वाट्याला जाड दोर आला. मला ती तार सापडेचना. तिसऱ्यांदा तेच गाणं लावल्यावर अचानक ती सापडली, खाली, सगळ्यांच्या पायाशी, आमच्या गावाकडे रात्री ओढा वाहतो तशी. इतका वेळ ती तिथेच होती. मला रडू आलं, का ते कळलं नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही आणि मला बांगड्याचा मधला तुकडा दिला.

गाण्यांचा अर्थ ते स्वतःच लावायचे. अमुक गाण्यातल्या माणसाची होडी हरवली आहे. तमुक गाण्यातल्या माणसाला मुकादमाने कामावरून काढलं आहे. आता कॉलेजात आल्यावर मला वाटतं की बहुतेक गाणी प्रेमाचीच असणार. पण तेव्हा आम्ही त्या हरवलेल्या होडीसाठी फार हळहळलो होतो, आणि ते काही वाया गेलं असं मला वाटत नाही.

गावात कुरबूर होती. भजनी मंडळाचे एक तात्या होते, मृदंग वाजवायचे. रविवारी संध्याकाळी त्यांचा सराव असायचा आणि काकांच्या स्पीकरच्या बॉक्सचा आवाज देवळापर्यंत जायचा. एकदा ते तावातावाने आले. काकांनी भांडण केलं नाही. वाटे मांडलेलेच होते. एका पोराला पाठ करायला लावलं आणि करवंटीवर बोट ठेवून विचारलं. पोर हुशार होतं. म्हणालं, तात्यांचा. तात्या उभ्या उभ्याच ऐकायला लागले. मग त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. मग ते पायरीवर बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, ढोलकऱ्याचा हात चांगला आहे, पण जरा जास्त जोर लावतो. काका म्हणाले, "उपाशी असंल. त्याच्या वाट्याचा बोंबील तुमी खा." तात्यांनी खाल्ला. त्यानंतर देवळातला सराव शनिवारी व्हायला लागला.

आम्ही पावसाळ्यापुरते वर जायचो आणि दिवाळीनंतर परत उतरायचो, त्यामुळे काकांमधला बदल आम्हाला एकदम दिसायचा. रोज बघणाऱ्यांना तो दिसत नसावा. एका वर्षी आम्ही उतरलो तर पिंप चिकूखाली पालथं पडलेलं होतं. वर गंज. जाळी कुंपणाला टेकवलेली. काका पायरीवर बसले होते आणि बाबांनी दोनदा "शेठ" म्हटलं तरी चिडले नाहीत. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं.

काकींनी आईला सांगितलं. पावसाच्या आधीपासून काकांना झांज ऐकू येईनाशी झाली होती. आधी त्यांनी मनावर घेतलं नाही. मग ते दर रविवारी गुड्डूला विचारायला लागले, कारण झांजेचा वाटा त्या दिवसांत ते पाठ न करवता गुड्डूलाच द्यायचे आणि तो बॉक्सच्या अगदी शेजारी उभा असायचा. झांज आली? गुड्डू म्हणायचा, आली. म्हणजे बॉक्स ठीक आणि कान गेले. पालघरला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काकांना एका बंद खोलीत बसवून कानावर यंत्र लावून तपासलं. म्हणाले की मशीनच्या आवाजाने बारीक आवाज आधी जातात, पुढे बाकीचेही हळूहळू जातील. काकांनी डॉक्टरांना एकच विचारलं, की बारीक तार अजून किती वर्षं. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. कानात घालायचं यंत्र मिळालं, ते त्यांनी एक रविवार घातलं. त्यात निखारा फुटला तरी फटाका वाजायचा आणि गाणं डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू यायचं. ते त्यांनी कपाटात ठेवलं आणि चूल पालथी घातली. ज्याला आपला वाटाच ऐकू येत नाही त्याने वाटे मांडू नयेत, असं ते काकींना म्हणाले होते.

माझ्या भावाचं यातलं काही कळण्याचं वय नव्हतं. तो रोज विचारायचा, काका, रविवार कधी आहे? शेवटी त्यांनी एकदा पिंप सरळ केलं. म्हणाले, ही शेवटची.

वाटे मांडले. पाठ भावाची होती. बूच माझ्याकडे आलं.

मला झांजेचा वाटा कधी मिळाला नव्हता. मी जीव कानात आणून ऐकू लागले. ढोल आला, जाड तार आली, गळा आला. झांज येईना. मला वाटलं, पहिल्या रविवारी जाड तार सापडत नव्हती तसंच असेल, येईल. गाणं मध्यावर आलं. काकांनी बांगडा पलटला. झांज नाही. गाणं संपलं आणि काका माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "झांज?"

आमच्याकडे मोठ्या माणसाने विचारलं तर हो म्हणतात. आई मागून माझ्याकडे बघत होती आणि तिची नजर हो म्हण असंच सांगत होती. पण मला वाटलं की आपल्याला गाणं ऐकताच येत नाही, हे आज ना उद्या कळणारच. मी रडवेली झाले होते. मी मान हलवली. म्हटलं, "नाय आली."

"कुठंच नाय?"

"कुठंच नाय. मी हुडकली."

काका उठले. मग गुड्डूकडे वळले. गुड्डू तबकडी दोन तळव्यांत धरून उभा होता, त्याला ती खाली ठेवायचंही सुचेना. तो हळूच म्हणाला, "मुझे भी नहीं आती थी, चाचा."

काकांनी विचारलं, मग हो का म्हणायचास? गुड्डूने आपल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथे त्याचे वडील उभे होते. म्हणाला, "पापा बोले थे, मकान मालिक को ना नहीं बोलना. कमरा जाएगा."

काकांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मी तो खरोखर स्क्रू खोलताना पहिल्यांदाच पाहिला. बॉक्सची पुढची फळी निघाली. आत मोठा स्पीकर होता आणि त्याच्यावर बारीक आवाजाचा एक लहान स्पीकर. त्याची वायर खाऱ्या हवेने आणि आमच्या चुलीच्या धुराने हिरवी झाली होती. काकांनी बोट लावलं तर तिची पूड झाली. ते ती पूड बघत जमिनीवर बसले आणि हसायला लागले. इतके, की काकी पायरीवरून उठून आल्या. पुन्हा पुन्हा म्हणत होते, अगं, बॉक्स बहिरा, बॉक्स.

गुड्डूचे वडील हात जोडून पुढे आले. काकांनी त्यांना बसवलं. मग ते जे बोलले ते सगळ्यांना उद्देशून होतं, पण बघत होते गुड्डूकडे. "कान जायचे तेवा जातील. पन मला नाय म्हननारं कोन तरी पायजे. कॉम्प्रेसरवर मी हाक मारायचो, व्हॉल्व बंद केला काय? ज्या हेल्परला ऐकू यायचं नाय तो पन हो म्हनायचा. मानसं हो ऐकून मशीनीत हात घालतात."

त्या रविवारी पहिला बांगडा मला मिळाला. 'नाय' म्हणणाऱ्याला पहिला मासा, असा काकांनी नवा नियम केला. तो फार टिकला नाही. पुढच्या रविवारी सगळ्याच पोरांना काहीच ऐकू आलं नाही.

बोईसरहून नवा स्पीकर आणून बसवला तो दिवसही आठवतो. झांज माझ्याकडेच होती. ती आली तेव्हा मी दचकलेच, ती सगळीकडे होती, ढोलाच्या प्रत्येक पावलाला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बॉक्सला टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हाय. लांब हाय, दांडीच्या पार तिकडं. पन हाय."

म्हणजे डॉक्टर चुकले नव्हते. बहिरेपण थोडं बॉक्सचं होतं आणि थोडं काकांचं. बॉक्सचं निघालं.

त्याच वर्षी त्यांनी बाबांना सांगितलं की पोरीला वर-खाली नेऊ नका, शाळा अर्धी राहते. बारा महिने इथेच राहा. बाबा म्हणाले, "बरं, शेठ." मी बारावीपर्यंत शिकले ती त्या खोलीत राहून. याविषयी काकांचे आभार मानायची मला कधी हिंमत झाली नाही. मानले असते तर त्यांनी काहीतरी भाजायला सांगितलं असतं.

पण डॉक्टर चुकले नव्हते. झांज गेली. मग गळ्यातले शब्द गेले. ते तसेही कळत नव्हते, असं काका म्हणाले. मग बारीक तार पुसट होत गेली. हे आम्हाला काकांनी सांगितलं नाही, बांगड्यांनी सांगितलं. तार रडायला लागायची आणि काका निखाऱ्यांकडे बघत बसायचे. पलटेपर्यंत एक बाजू काळी झालेली असायची. पहिल्यांदा आम्ही करवंट्यांना दोष दिला. काकांनी बांगड्यांना दिला, हल्लीचे बांगडे पातळ असतात म्हणून. कधी कुणी ओरडायचं, काका, तार! पण तोवर उशीर झालेला असायचा, आणि गाण्यात बोललेलं त्यांना खपत नसे. काळी बाजू काकी आपल्या पानात घ्यायच्या आणि काही न बोलता खायच्या. ज्या बाईने इतकी वर्षं त्या गाण्यांना नावं ठेवली तिने ठेवायची थांबवली, याचीच मला जास्त भीती वाटली.

माझं पालघरला कॉलेजात नाव लागलं, होस्टेल मिळालं. बाबांचा गुडघा दुखायला लागला होता, म्हणून आई-बाबाही भावाला घेऊन गावी परत जायला निघाले. आमच्या शेवटच्या रविवारी बांगडा दोन्ही बाजूंनी कोळसा झाला. काकांनी त्यातला कमी काळा तुकडा शोधून मला दिला. मग निखारे विझवले, पिंप उचललं आणि चिकूखाली पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी ते फाटकापर्यंत आले. रिक्षा उभी होती. मी मोठ्याने विचारलं, "काका, आता चूल परत कधी पेटवणार?"

ते हसले, म्हणाले, "हो, हो."

मला कळलं की त्यांना ऐकू आलं नव्हतं. आयुष्यभर ज्या 'हो'वर ते रागावले, तोच त्यांनी मला दिला होता. मी रिक्षात बसले.

पुढे बरेच महिने काही कळलं नाही. काकांना फोन करून उपयोग नव्हता. काकींचा फोन वाजत राहायचा. त्या तो डब्यात ठेवतात. सुट्टीत मी गावी, विक्रमगडला जायचे. खरं सांगायचं तर घिवलीला जायला एक बस पुरेशी होती, पण ते पालथं पिंप बघायची माझी तयारी नव्हती.

मागच्या आठवड्यात पालघरच्या एसटी स्टँडवर कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली. गुड्डू होता. आता तो बोईसरला कामाला आहे, मिशा ठेवल्या आहेत. मराठी चांगलं बोलतो, पण घाईत आला की हिंदीवर जातो. मी काकांचं नाव काढायला घाबरत होते. त्यानेच काढलं. म्हणाला, कान पूर्ण गेले, आता काहीच नाही, ढोलसुद्धा नाही. मग तो म्हणाला, "पण रविवार चालू आहे."

मला खरं वाटेना. त्याने सांगितलं ते असं. दिवाळीनंतर पोरांनी हट्ट करून पिंप सरळ केलं. बारीक तारेचा वाटा दांडीच्या मासळीवालीच्या नातीकडे आला. लहान आहे, नुकती शाळेत जायला लागली आहे. गाण्यात बोलायचं नाही हे तिला सांगितलेलं होतं. तार सुरू झाली तशी तिला राहवेना, आणि बोलायचं तर नाही, म्हणून शाळेत करतात तसा तिने हात वर केला. काकांनी ते बघितलं. आधी त्यांना वाटलं, पोरीला बाहेर जायचं असेल. ती मान हलवून हात वरच धरून बसली. तार संपली तेव्हा तिने हात खाली केला.

पुढच्या रविवारपासून सगळ्यांना हात वर करायचे होते. ढोलवाला ठोक्याला हात हलवतो, झांजवाली दोन बोटं, गळ्याचा वाटा ज्याच्याकडे तो तोंड उघडून बसतो. "चाचा आता बॉक्सकडे पाठ करून बसतात," गुड्डू म्हणाला, "पोरांकडे तोंड करून. पूरा गाना देखते हैं. परवा एकाने हात उशिरा वर केला तर त्यांनी त्याला पकडलं. बोले, झूठ मत बोल."

त्याची बस लागली होती. तो चढला आणि काहीतरी आठवून दारातून परत वळला.

"अरे हां, काकींचा निरोप आहे. किती दिवसांपासून सांगून ठेवलंय, मुलगी भेटली की सांग म्हणून. मी तर खात नाही, मला त्यातलं काय कळतं. त्या म्हणाल्या, तिला एवढंच सांग, तिला कळेल."

"काय?"

"बांगडा करपत नाय."